ड्रिलबाईंचा उजवा हात

चष्मेवाले आणि ड्रिलबाई गेली अकरा वर्षं एका मोटरबोटीवर संसार करत होते. त्यात काही विशेष आहे असं त्या दोघांना वाटत नसे. विशेष वाटायचं ते किनाऱ्यावरच्यांना. बोटीचं नाव ‘सावकाश’, आणि नावाला ती जागत असे. किनारा डोळ्यांआड होऊ न देता या खाडीतून त्या खाडीत जायचं, आवडेल तिथे नांगर टाकायचा, मन भरलं की निघायचं. आत एक बिछाना, दोन बर्नरची शेगडी आणि घडी घालता येणारं टेबल. सकाळी पाण्यावरचं ऊन आतल्या छतावर हलत राही, आणि ते बघत पडून राहणं हे चष्मेवाल्यांचं दिवसातलं पहिलं काम. हे काम ते फार मन लावून करत.

त्यांचं तीस वर्षं चष्म्यांचं दुकान होतं. बाईंनी तेवढीच वर्षं शाळेत कवायत शिकवली. त्यांनी ‘डावा, उजवा’ म्हटलं की आठशे पावलं एकदम पडत. बोटीवरही हुकूम त्यांचाच. अरुंद जागी शिरताना त्या पुढच्या टोकावर उभ्या राहत, पाण्याचा रंग बघून खोल कुठे, उथळ कुठे ते ओळखत आणि पाठमोऱ्याच हात करत. उजवा हात आडवा म्हणजे उजवीकडे, डावा आडवा म्हणजे डावीकडे, दोन्ही वर म्हणजे थांबा. इंजिनाच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून चाकावरचे चष्मेवाले फक्त हाताकडे बघत. एरवी कुठली उशी कुणाची यावरूनही दोघांचं वाजे, पण या हातांच्या बोलण्यात कधी भांडण झालं नव्हतं.

मागच्या वर्षी बाईंच्या मेंदूत रक्ताची एक बारीक गाठ अडकली. आठ दिवस हॉस्पिटल झालं. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, रागावणं तर दुसऱ्याच दिवशी परत आलं. फक्त डावं-उजवं तेवढं परत आलं नाही. उजवीकडे दाखवायचं असलं की डावा हात उठे, आणि बाईंना त्याचा पत्ताही नसे.

चष्मेवाल्यांना ते पहिल्याच खाडीत कळलं. ते काही बोलले नाहीत. जिनं अख्ख्या शाळेला डावं-उजवं शिकवलं तिला हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? शिवाय त्यांना ते जड गेलं नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा उजवा डोळा चष्मेवाल्याच्या डावीकडे असतो. अशा उलट्या चालीवरच त्यांचं पोट भरलं होतं. त्यांनी चाकाजवळ, खालच्या अंगाला एक चिठ्ठी चिकटवली. तीवर एकच शब्द, ‘उलट’. पंधरा दिवसांत चिठ्ठीची गरजही उरली नाही आणि ती काढायचं ते विसरून गेले. बाईंचा डावा हात उठे, चाक उजवीकडे फिरे आणि ‘सावकाश’ अलगद आत सरके.

पण त्यांच्या मुलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि आजारपणानंतर काय काय होऊ शकतं ते तिला तोंडपाठ होतं. तिनं आईवडिलांसाठी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. शेवटी बोली ठरली. तिनं एक दिवस बोटीवर यायचं आणि दोघांनी तिच्यादेखत एका अनोळखी खाडीत शिरून नांगर टाकायचा. जमलं तर वर्षभर ती विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं.

चष्मेवाले ऐटीत हो म्हणाले खरे, पण त्या दोन खोल्यांत छत हलणार नव्हतं. तिथे आपण भिंतीकडे बघत बसू आणि एकमेकांचा हात बघायचं विसरू, अशी त्यांना मनापासून भीती वाटत होती.

त्या दिवशी पाणी दुधावरच्या सायीसारखं स्थिर होतं. झाडं, आकाश, उडणारा बगळा, सगळं दोन-दोन दिसत होतं. बाई टोकावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मनगटावर लाल लोकरीचा धागा होता. लेक आली म्हणून नटल्या असतील, असं चष्मेवाल्यांना वाटलं. बोट खाडीच्या तोंडाशी आली. बाईंनी उजवा हात खणखणीत आडवा केला, आणि चष्मेवाल्यांनी मोठ्या दिमाखात चाक डावीकडे फिरवलं.

बोटीखाली ‘फस्स’ झालं. बोट गाळात बसली.

“बाबा, आई उजवीकडे दाखवत होती,” मुलगी म्हणाली.

बाई वळल्या. त्यांनी धाग्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “अहो, आज मी बरोबर दाखवलं होतं.”

“आज म्हणजे?” मुलीनं विचारलं.

चष्मेवाल्यांनी इंजिन बंद केलं. ओहोटी अर्ध्यावर आली होती. अकरा वाजले होते, आणि पाचच्या आत बोट तरंगणार नव्हती. पाणी हळूहळू निघून गेलं आणि सगळीकडे ओला, चकचकीत चिखल उरला. त्यात ढग दिसत होते. बोट थोडी कलली, कपबशा एका बाजूला सरकल्या, आणि तिघं त्या तिरक्या जगात पाय लांब करून बसली. चिखलावर चालणारे खेकडे आणि त्यात वाहणारे ढग यांत कितीतरी वेळ फरक कळेना.

“चिठ्ठी वाचली मी,” बाई म्हणाल्या. “आठवड्यापूर्वी. पडलेलं बटण शोधायला वाकले होते.”

चष्मेवाले सरकलेल्या कपबशा नीट लावायला लागले.

“आठ महिने तुम्ही माझ्या चुका पोटात घातल्यात. आणि मी आपली रुबाबात हात करतेय. फार लाज वाटली. म्हटलं, लेकीसमोर तरी तुमचं ओझं उतरवावं. मग ओळखू यावा म्हणून उजव्या हाताला धागा बांधला. रोज दुपारी तुम्ही झोपलात की एकटीनं कवायत केली.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही सांगितलंत?”

मुलगी दोघांकडे बघत होती. ती रागावेल असं चष्मेवाल्यांना वाटलं होतं. तिनं फक्त चहा ठेवला, तोही कललेल्या शेगडीवर भांडं हातानं धरून. चष्मेवाल्यांनी तिच्या हातून कप घेतला. “बोली म्हणजे बोली,” ते म्हणाले. “आम्ही सामान बांधतो.” बाईंनीही मान डोलावली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवला.

पाच वाजता पाणी परत आलं. बोट जडपणे हलली, मग सुटली. चष्मेवाल्यांनी ती मागे घेतली. आता पुन्हा त्याच तोंडातून आत जायचं होतं.

“तू उभी राहा पुढे,” ते मुलीला म्हणाले. “तुझा हात तरी भरवशाचा.”

मुलगी टोकावर गेली. पाणी बघून तिनं उजवा हात आडवा केला. चाक डावीकडे फिरलं. तिनं घाईनं दोन्ही हात वर केले, बोट थांबली. पुन्हा मागे घेऊन, पुन्हा उजवा हात, ठळक, सरळ. पुन्हा चाक डावीकडे.

ती चाकापाशी आली. “बाबा, मी उजवीकडे म्हणतेय.”

“कळतंय गं,” चष्मेवाले हताश होऊन म्हणाले. “हातच ऐकत नाहीत माझे. सरळ दाखवलेलं आता यांना समजतच नाही.”

मुलीनं चाकाखालची चिठ्ठी वाचली. मग आईपाशी बसली आणि तिच्या मनगटावरची गाठ सोडायला लागली.

“अगं, मी चुकेन,” बाई म्हणाल्या.

“मग चूक. नेहमीसारखी चूक.”

बाई पुढे गेल्या. उन्हं उतरली होती, पाणी मधाच्या रंगाचं झालं होतं. फार विचार न करता त्यांनी हात केला. डावा उठला, बोट उजवीकडे वळली आणि खोल पाण्यातून आत सरकली. मग उजवा, मग डावा, मग दोन्ही वर. नांगर पडला.

मुलगी चाकाजवळ उभी होती. ‘उलट’ लिहिलेल्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. तिनं वाकून तो अंगठ्यानं दाबून नीट चिकटवला.

“त्या दोन खोल्या नकोत म्हणून मी कळवते,” ती म्हणाली.