नावेवरचा शेवटचा हात

राखीच्या बापाले जिंदगीत मापानं काही टाकता आलं नाही. चुना घ्या, मीठ घ्या, नाहीतं फवाऱ्याची दवाई घ्या. गुलाबी बोंडअळी मरत नाही म्हनून डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्तीच ओताचे. असं करता करता एक दिवस वावरातच चक्कर येऊन पडले. तवापासून डोळ्यापुढं धुकं हाय, आन दवाईचा वास आला का छाती भरते. मंग पंप कोनाच्या पाठीवर गेला? माह्या पोट्टीच्या.

राखी धरनाच्या पान्यात वल्हं माराले शिकली ते शाळेच्या सरांमुळं. लय तेज निघाली. सर म्हने, पुढच्या महिन्यात एका रविवारी वल्ह्याची निवड हाय, निवडली तं सरकारी वसतिगृहात राहाची, शिकाची सोय. या सालानंतर तिचं वय बसत नाही. मले वसतिगृहाचं काय कौतुक! मले एवढंच दिसलं का पोट्टी पंपाखालून निघते. पन नाव ज्याची त्यानं आनाची व्हती.

म्हनून गेलो आमच्या अमडापूरच्या कय्यूमभाई मिस्त्रीकडं. दारं-चौकटी करनारा मानूस, पन मोबाईलवर पाहून पाहून त्यायनं आमच्या गोठ्यात प्लायवूडची कयाक उभी केली, लांबट, एका मानसाची. वरून काचेचं कापड, त्याच्यावर इपॉक्सी नावाच्या पातळ डिंकाचे हात. सरांनी बजावलं व्हतं, तठी नावेवर हात फिरवून पाह्यतात. काचेची कुसं टोचली तं नाव बाद. शेवटचा हात निरा गुळगुळीत पाह्यजे व्हता.

"दोन वाट्या इपॉक्सी, ते सुकवाले एक वाटी हार्डनर," कय्यूमभाईनं राखीच्या बापाले सांगतलं आन साडूच्या मयतीले नांदुऱ्याले गेले. "शेषराव, मी येतो तोवर हात लावू नोको."

ऐकतीन तं ना! रविवार जवळ आला म्हनून यायच्या जिवाले चैन नाही. माह्या माघारी शेवटचा हात मारून मोकळे झाले. सकाळी म्या नावेवर तळवा टेकवला तं तळवा चिकटला. दुपारपर्यंत ऊन खाऊनही तसंच, गुळाच्या पाकावानी. घरात कापूस भरून ठेवलेला, त्याची रुई उडून नावेवर बसली. केसाळ दिसू लागली नाव.

कय्यूमभाई आले, बोट लावलं. "हार्डनर किती टाकलं बे?"

"जरासं जास्ती. लवकर सुकावं म्हनून."

"काऊन? ही काय अळीची दवाई हाय? हे आता कयामतपर्यंत सुकत नाही!" मिस्त्री डोक्याले हात लावून खालीच बसले.

मी नवऱ्याले काय काय बोलली ते सांगन्यासारखं नाही. "डोळे घालवले, आता पोट्टीचं नशीब घालवा!" असंही बोलली. ते रडून राह्यले व्हते का डोळ्यातून नेहमीचं पानी व्हतं, मले काय मालूम.

एकच इलाज व्हता. पटाशीनं सगळं खरवडाचं, थिनरनं पुसाचं, पॉलिश पेपर माराचा आन उरलेल्या इपॉक्सीत नवा हात. बसलो तिघं. थिनरच्या वासानं राखीच्या बापाची छाती भरू लागली. मी म्हनलं बाहेर जा, तं म्हने, "मले हटवू नोको." माह्या बोटायची सालं निघाली. अंधार पडाच्या आधी कय्यूमभाईनं वाटीनं मोजून हात मारला.

दुसऱ्या दिवशी रुई बसू नाही म्हनून आम्ही दोघं नवरा-बायको नावेच्या भवताल लुगडी बांधून राखन करत बसलो. राखी आली, "माय, मी बसतो, तू वावरात जाय. फवारा राह्यला." मी खेकसली, "फवारा गेला खड्ड्यात! तुले उद्या वल्हं माराचं हाय, जाय, आराम कर!"

दुपार कलली तवा म्या बोट लावलं. कोरडं! हात फिरवला, कुठंच टोचलं नाही. बाप्पा, मी तं हासलीच. "राखी, ये वं, पाह्य!"

राखी घरात नव्हती. भिंतीपाशी पंपही नव्हता.

मी अनवानी वावराकडं पळाली. पोट्टी धुऱ्यावर आडवी पडली व्हती. तोंडाले फेस, सदरा दवाईनं ओलाचिंब. मले पाहून म्हने, "माय, झाला फवारा. मी गेल्यावर कोनं मारला असता?"

कय्यूमभाईनं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. रविवार खाटेवर गेला. डॉक्टरनं सांगतलं, हिले आता दवाईजवळ जाऊ देऊ नोका.

पुढच्या फवाऱ्याले पंप म्या पाठीवर घेतला. राखी बाजेवरून उठली, "माय, मले दे."

"हात तं लावून पाह्य, तंगडं मोडीन तुह्यं!" म्या म्हनलं आन तोंडाले पदर बांधून वावराकडं निघाली.