कापडाखालचा आकडा

भर दुपारी कारखान्यातले साठ कामगार हेल्मेट काढून, हात जोडून एका भिंतीसमोर उभे होते. भिंतीवर टाकीच्या पॅनेलची वीतभर स्क्रीन, तिच्यावर पांढरं कापड आणि शेजारी कफनीतले बाबा. वाफेवर गोंद शिजवणाऱ्या मोठ्या टाकीचा भोंगा महिनाभर ऊठसूट ठणाणा करायचा. परवा बाबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, कापडाखाली हात घालून काहीतरी पुटपुटले, आणि भोंगा जो गप्प झाला तो आजपर्यंत.

"यंत्रालाही आत्मा असतो, बाळांनो," बाबा सांगत होते. "तो आता झोपलाय. कापड उचललंत तर खवळेल, मग माझ्या हातात काही नाही." हात झटकायची सोय बाबांनी आधीच करून ठेवली होती.

देखभाल विभागात मीटर सांभाळणारी, म्हणून सगळ्यांची मीटरताई, आजच रजेवरून परतली होती. तिचा धाकटा भाऊ टाकीच्या माचावर काम करायचा.

"टाकी थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप तुंबलाय म्हणून सांगून गेले होते. साफ केला?" तिने मुकादमाला विचारलं.

"आता कशाला? भोंगा वाजतोय कुठे?"

तिने टाकीकडे पाहिलं. टाकीचं झाकण बारीक थरथरत होतं, आणि भाऊ त्याला टेकून उभा होता. ती गर्दीतून वाट काढत गेली आणि तिने सरळ कापड ओढलं.

टाकीचं तापमान एकशे चौतीस होतं. एकशे वीस ओलांडलं की भोंगा वाजावा, असा आकडा तिने स्वतः भरला होता. तिथे आता दोनशे वीस होतं. तेवढं तापेपर्यंत टाकी जागेवर राहिलीच नसती.

"वाफ बंद कर!" ती ओरडली.

"ताई, आधी कापड घाल. बाबांनी सांगितलंय," भाऊ वरून म्हणाला. तो हलेना.

पासवर्ड नेहमीसारखा पॅनेलच्या दारामागे चिकटवलेला होता. तो टाकून तिने एकशे वीस भरलं. भोंगा कडाडला. गर्दी मागे सरली, "कोप झाला," कुणीतरी म्हणालं. पण भोंगा ऐकताच भावाचा हात सहा वर्षांच्या सवयीने व्हॉल्व्हवर गेला आणि त्याने वाफ बंद केली. बहिणीचं ऐकलं नाही, भोंग्याचं ऐकलं.

आकडा सावकाश उतरू लागला. एकशे तीसवर आल्यावर मीटरताईने पुन्हा दोनशे वीस भरलं. भोंगा गप्प. एकशे वीस भरलं. भोंगा सुरू.

"झाला चमत्कार. कापडसुद्धा लागलं नाही," ती म्हणाली आणि तिने स्क्रीनवरची नोंद उघडली. "आकडा बदलला परवा, अकरा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"डोळे मिटून उभे होतो," मुकादम खालमानेने म्हणाला.

बाबा तोवर दाराशी पोचले होते. गेल्या जन्मी नव्हे, गेल्या नोकरीत ते असलीच पॅनेलं बसवायचे, हे पुढे उघड झालं.

भाऊ खाली उतरला. "ताई, मी रोज त्या भोंग्याला शिव्या घालायचो गं."

"घाल की. पण तो का ओरडतोय ते आधी बघ."

संध्याकाळी पाइप साफ झाला आणि भोंगा आपोआप थांबला. म्हणून एवढंच सांगणं आहे: धोक्याची हाक बंद झाली म्हणजे धोका टळला असं समजू नका. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर त्याचे हात कुठे आहेत ते बघत राहा.