सुभेदारांचा अडकित्ता आणि भिंगरीची शेपटी

मित्रांनो, पाहुणा ओट्यावर टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ ज्याची आठवण होते, तो मी एक जुना अडकित्ता आहे. माझ्या पितळी दांड्यांवर घोड्याची दोन तोंडे आहेत, त्यातल्या एकाचे कान झिजून गेले. पाते मात्र पोलादी आहे आणि अजून बोथट झालेले नाही. झाले असते तर बरे, असे मला कितीदा वाटते.

माझा जन्म मिरजेचा. इकडे माझ्यावर हातोडी पडे आणि शेजारच्या घरात सतारीच्या तारा जुळवल्या जात. माझे धनी हंबीरराव तेव्हा फौजेत होते. सुट्टीवर येताना ते गाडी बदलायला मिरजेला उतरले आणि कारभारणीसाठी, म्हणजे येसूबाईंसाठी, मला घेऊन मेढ्याकडच्या आपल्या गावी आले.

तिथे माझा थाट काय सांगू! गावात कुणाची सोयरीक जुळली की सुपारी फोडायला मलाच बोलावणे यायचे. फुटली सुपारी म्हणजे दिला शब्द, तो मग मोडायचा नाही. "येसूबाईचा अडकित्ता लय गुणाचा," असे बायका म्हणायच्या आणि मी येसूबाईंच्या पानसुपारीच्या चंचीत फुगून बसायचो.

सत्तर साली हंबीरराव सुभेदार होऊन, पेन्शन घेऊन घरी आले. येताना शिकारीची हौसही घेऊन आले. फौजेत त्यांच्या साहेबाचा एक केसाळ, आखूड पायांचा कुत्रा होता. तो झुडपात घुसून पडलेली पाखरे तोंडात धरून आणायचा. पण त्याची शेपटी सारखी हलायची आणि काट्यांनी शेंडा फाटायचा. जखम भरत आली की पुन्हा फाटायची. म्हणून साहेबाने पुढच्या पिल्लांच्या शेपट्या जन्मल्या-जन्मल्याच तोडून घेतल्या. हे सुभेदारांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यात खोटे काही नव्हते.

मग जतकडच्या एका मेंढपाळाने त्यांना महिन्याभराचे पिल्लू दिले. ही जात वेगळी होती. लांब पायांची, सडपातळ, उघड्या माळावर सशामागे धावणारी. पिल्लू मादी होती आणि स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून येसूबाईंनी तिचे नाव भिंगरी ठेवले.

"हिची शेपटी काढाय पायजे," सुभेदार म्हणाले.

"आवं, काय घोडं मारलंय तिनं तुमचं?"

"तुला न्हाई कळायचं. शिकारीचं कुत्रं हाय. करवंदीच्या जाळीत शेपटी फाटली म्हंजी रोजचं रगात. आत्ता जरा दुखंल, पण जन्माची कटकट जाईल."

येसूबाई चुलीकडे वळल्या आणि सुभेदारांनी चंचीतून मला काढले. मी कट्ट वाजलो. सुपारी फोडताना वाजतो तसाच. पिल्लाच्या किंकाळीने गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सुभेदारांनी जखमेत हळद भरली, मला धुतले आणि परत चंचीत ठेवायला निघाले. येसूबाईंनी चंची मागे ओढली.

"ह्यानं आता कुणाची सुपारी फुटायची न्हाई," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी कोनाड्यात पडलो. सोयरिकी दुसऱ्यांच्या अडकित्त्यावर जुळू लागल्या. मला राग आला नाही. धार माझीच होती.

भिंगरी मोठी झाली. सरळ धावताना ती कुणाला सापडत नसे. वळताना मात्र तिचा तोल जाई. त्या जातीला वळताना शेपटीचा आधार लागतो, तो आम्ही काढून घेतला होता. एका सकाळी ससा उंच तालीच्या, म्हणजे शेताच्या दगडी बांधाच्या, काठावर आला आणि झटकन वळला. भिंगरीला वळता आले नाही. ती सरळ खालच्या दगडांवर गेली. सुभेदारांनी तिला खांद्यावर घालून घरी आणले. मेढ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मोडलेला पाय बांधून घेतला, तरी तो वाकडाच राहिला.

"साहेबाच्या कुत्र्याचं दुखणं मी हिच्या माथी मारलं, येसू," ते म्हणाले. "जाळीत तर ही कवा शिरलीच न्हाई."

बंदूक त्यांनी खुंटीला अडकवली ती कायमची. पण भिंगरीला त्याचे काय! त्यांना बघितले की ती उरलेले थोटूक हलवायची आणि सुभेदार मान फिरवायचे.

पुढे भिंगरीला चार पिल्ले झाली. चारही लांब शेपटीची. शेजारचा आकाराम लगेच हजर झाला.

"सुभेदार, त्यो काळा मला द्या. आन् शेपटी तुमीच तोडून द्या, भिंगरीवानी. समदी म्हणत्यात, शिकारीचं कुत्रं म्हंजी बिनशेपटीचं."

सुभेदारांचा चेहरा उतरला. त्यांची चूक गावाने शहाणपण म्हणून उचलली होती. ते उठले आणि त्यांनी कोनाड्यातून मला काढले. येसूबाई आडव्या आल्या.

"आवं, नगा. पाया पडते तुमच्या."

माझे पाते गंजून तिथेच अडकावे, असे मला वाटले. अडकले नाही.

"सुपारी आण," सुभेदार म्हणाले. येसूबाई घाईने आत जाऊन सुपारी घेऊन आल्या.

"आकाराम, ही फुटली की शब्द झाला. पिल्लू तुझं. त्येच्या शेपटीला हात लावायचा न्हाई. भिंगरीचा पाय तालीनं न्हाई मोडला गड्या, मी मोडला."

आकारामने भिंगरीच्या वाकड्या पायाकडे पाहिले. मग म्हणाला, "दिला शब्द."

मी कट्ट वाजलो.

दारात पडलेली भिंगरी ताडकन उठली. तीन पायांवर लंगडत गेली आणि आपल्या चारही पिल्लांवर आडवी पडली. तिचे सगळे अंग थरथरत होते. सुभेदारांच्या हातात सुपारीची खांडे तशीच राहिली. येसूबाईंनी मला हळूच काढून घेतले आणि पुन्हा कोनाड्यात ठेवले. मला चंची परत मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नसती.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. मुक्या जिवाचे भले करायला निघाल तेव्हा एवढेच बघा, की तुम्ही ज्याला भिता ते दुखणे खरेच त्याचे आहे का. आकारामचा काळ्या आमच्या दारावरून जाताना लांब शेपटी हलवत आत डोकावतो. भिंगरी त्याला ओळखते आणि आपले थोटूक हलवते. सुभेदार आता मान फिरवत नाहीत. ते बघत बसतात आणि कोनाड्यातून मीही बघतो.