ठिपक्यांची रोपं

"मिरची राहिली ताटात," शकू म्हणाली.

"र्‍हाऊ दे गो. पोट भरलं." काळुराम ताट सरकवून उठलासुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, एका मिरचीचं ते काय एवढं! पण काळुरामच्या ताटात मिरची उरणं म्हणजे कोलशेतच्या खाडीला भरतीच न येणं. लग्न होऊन शकू या घरात आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला तिने पाहिलं होतं. नवरा कच्ची हिरवी मिरची अशी कचाकच खातोय, जशी पोरं काकडी खातात. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर घाम नाही. तिने मनाशी म्हटलंही होतं, हा माणूस आहे की पाटा-वरवंटा! तेव्हापासून दर जेवणाला ताटाच्या डाव्या कडेला एक मिरची ठरलेली. सणाला, सुतकाला, पोरीच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

ती मिरची आज अख्खी होती. देठासकट. दातसुद्धा लागलेला नव्हता.

शकूने ती उचलली आणि शिंकाळ्यातल्या टोपलीत टाकली. टोपलीत आधीच्या दिवसांच्या मिरच्या पडलेल्या होत्या. काही मऊ पडून लाल व्हायला लागल्या होत्या. शकूने टोपलीवर फडकं टाकलं.

मिरची काही बाजारातली नव्हती, घरचीच. एके काळी यांचं शेत पार खाडीपर्यंत होतं, त्यापलीकडे मिठागर. आता शेतावर टॉवर उभे आहेत, एवढे उंच की दुपारनंतर शकूच्या अंगणात ऊन येतच नाही. उरला तो घरामागचा एक पट्टा. त्या पट्ट्यात काळुराम दरवर्षी मिरचीचा वाफा टाकतो, आईने राखलेल्या बियाणाचा. गावात कुणीही यावं, रोपं मागून न्यावीत. गावदेवीच्या जत्रेचं कालवण याच मिरचीचं होतं, दुसरी कुठली चालत नाही. एका वर्षी कुणीतरी मार्केटची मिरची आणून टाकली, तर म्हातार्‍यांनी पहिल्या घासालाच ओळखली. वर्षभर त्या घराची टिंगल चालली होती!

म्हणजे काळुराम काही पुढारी नव्हता, पैलवान नव्हता. पण गावाच्या जिभेवरचा तिखटपणा त्याच्या हातात होता. आणि त्याला ते माहीत होतं.

त्याची कामाची एक पद्धत होती. रोपं वीतभर झाली की तो वाफ्यात शिरायचा. डाव्या तळहातावर तंबाखू, चुन्याचं बोट, उजव्या अंगठ्याने मळ मळ मळायचं. थाप मारायची, चिमूट गालात सारायची. मग त्याच अंगठ्याच्या नखाने रोपाचा शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की झाड फुटतं, पसरतं. एक रोप, दुसरं रोप, ओळीने. मध्येच पुन्हा मळायचं, पुन्हा खुडायचं. घाई नाही. जणू शाळेतला मास्तर एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवत चाललाय.

यंदा शेवटची ओळ उरली आणि त्याचा गुडघा धरला. ती ओळ शकूने खुडली.

"तुजा नख मऊ हाय," तो ओट्यावरून ओरडला. "शेंडा चिरडतंस तू."

"मग या तुमी! बसल्या जागी मुकादमी नको."

तो हसला. तोंड मिटूनच हसला. शकूच्या हातातला शेंडा हातातच राहिला. शेवटचा तोंड उघडून कधी हसला होता हा?

त्या दिवसापासून ती बघायला लागली. आणि एकदा बघायला लागल्यावर काय काय दिसतं! भाकरी आता तो डाळीत भिजवून, बोटाएवढे तुकडे करून खातो. चहा पार गार होऊ देतो. पूर्वी याने जांभई दिली की शेजारची कुत्री उठून बसायची. आता जांभई आली की तोंडावर पंचा येतो. दात घासायला बसला की भिंतीकडे तोंड.

"दाखवा बगू तोंड," एकदा ती म्हणालीच.

"तोंड काय दाखवाचा? नवी नवरी हाय का मी?" आणि गेला वाफ्याकडे.

वाफ्यात मात्र भलतंच सुरू झालं होतं. खुडून आठवडाही झाला नसेल, रोपांच्या पानांवर ठिपके उठले. तपकिरी, कोरडे, मसुरीच्या डाळीएवढे, जणू कुणी अगरबत्तीचे चटके देत गेलंय. सगळ्या रोपांवर नाही. चार चांगली, एक डागाळलेलं, पुन्हा दोन चांगली. डागाळलेल्यांची पानं नुसता धक्का लागला तरी गळून पडत होती.

शेजारची लक्ष्मी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नजर लागली गो, शकूवयनी. त्या टॉवरवाल्या बाया वरनं बगत र्‍हातात ना, खिडकीत उभ्या र्‍हाऊन!"

"त्या तुज्या वाळत घातलेल्या सुकटीकडं बगतात. वास जातो त्यांना," शकू म्हणाली. लक्ष्मी हसली, शकूही हसली. पण हसू टिकलं नाही.

काळुराम हसला नाही. त्याने एकेक डागाळलेलं रोप मुळासकट उपटलं आणि कुंपणाकडच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. जाताना तंबाखू मळत गेला, येताना मळत आला. "सगली घान गेली," म्हणाला. "आता बग कसा दिसतं."

आणि खरंच, वाफा देखणा दिसायला लागला! हिरवागार, बिनडागी, शाळेतल्या पहिल्या बाकासारखा. फक्त शकूला तिथे उभं राहवेना. का, ते सांगता येत नव्हतं. सगळं एवढं गुळगुळीत आणि एवढं गप्प होतं.

मग त्या देखण्या रोपांनी रंग दाखवला. नव्या पानांवर फिके आणि गडद हिरवे चट्टे आले. पानं आखडली, अरुंद झाली, बोटं आवळून घ्यावीत तशी. आज हे रोप, उद्या त्याच्या शेजारचं. रोग चालत होता. शकूने अंगणातून पाहिलं, तर तो उडत नव्हता, फोफावत नव्हता, तो खरंच चालत होता: पहिल्या ओळीने जायचं, टोकाला वळायचं, दुसर्‍या ओळीने परत यायचं. ही चाल तिच्या ओळखीची होती. फक्त शेवटच्या ओळीपाशी येऊन तो थांबला होता.

रविवारी करिश्मा आली. ही यांची मुलगी, ठाकुर्लीला दिलेली, तिथेच शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या हातात पिशव्या, खांद्यावर पर्स, आणि तोंड दारातून आत यायच्या आधीच सुरू. "आई, रिक्षावाल्याने काय फिरवलंय मला, विचारू नको! बाबा कुठेत? अगं, आणि हे घर एवढं शांत का?"

वाफा बघून तिने पिशव्या खाली ठेवल्या. मग पदर खोचून सगळीकडे फिरली, पानं उलटी करून बघितली, आणि फिरत फिरत उकिरड्यापाशी गेली. तिथून तिची किंकाळीच आली.

"बाबा! इकडे या! आई, तू पण!"

उकिरड्यावर फेकलेली रोपं मेलीच नव्हती. बरीच वाळली होती, पण काहींनी ओल्या कचर्‍यात पुन्हा मुळं धरली होती. डागांची पानं गळून गेली होती आणि वरच्या बाजूला नवी पालवी आली होती, स्वच्छ, एकही ठिपका नाही.

"बाबा, तुम्ही घरच्या राखणदारांनाच हाकललंत की हो!"

"राखनदार? ती रोगट व्हती."

"नाही ना! ऐका. ह्या रोपांनी विषाणूला दारातच ओळखलं. तो जिथून शिरला, तिथल्या आपल्याच पेशी झाडाने मारून टाकल्या. वणवा येताना माणसं पुढचं गवत आधीच जाळून ठेवतात ना? तसं. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, मेलेल्यात तो कोंडला जातो. तेच हे ठिपके. आणि वर तेवढं पानही झाडाने गाळलं. पान गेलं, झाड राहिलं."

काळुराम उकिरड्यावरच्या पालवीकडे बघत राहिला. "आनि ती? वाफ्यातली?"

"त्यांनी ओळखलंच नाही त्याला. डाग नाही, काही नाही, वरून छान. आतून तो शेंड्यापर्यंत पोचला."

"मग ती लढतच नायत?"

"लढतात. झाडाकडे दुसरी पण एक युक्ती असते. विषाणू आपला निरोप पेशीत सोडतो, मला वाढव म्हणून. झाड तो निरोप कातरतं, आणि तुकडे बाकीच्या पानांना पाठवतं. असा दिसणारा आला की कापा! कधी कधी त्याने झाड सावरतं. पण हा विषाणू लबाड आहे, कात्रीच धरून ठेवतो." ती थांबली. "उशीर झाला की मग उपटून जाळायचं. दुसरं काही नाही."

काळुरामने सवयीने खिशात हात घातला. डबी काढली, तळहातावर तंबाखू ओतली. करिश्माचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं.

"बाबा, शेंडे कोणी खुडले?"

"मीच. दुसरा कोन?"

"सगळे?"

"शेवटची ओळ मी," शकू म्हणाली.

तिघांनीही एकदमच शेवटच्या ओळीकडे पाहिलं. ना ठिपका, ना चट्टा.

"तंबाखूच्या पानातच असतो तो," करिश्मा हळू म्हणाली. "पान सुकवलं, कुटलं, पुडीत भरलं, तरी मरत नाही. हातावरून जातो. मिरचीच्या जखमेतून आत."

काळुरामचा अंगठा तळहातावर थांबला. त्याच्या आईचं बियाणं. गावाची मिरची. एकेका रोपाच्या डोक्यावर हात ठेवत तो गेला होता, आणि रोग त्याच्या मागून नाही, त्याच्या नखातूनच गेला होता. तळहात तसाच पसरलेला राहिला, दुसर्‍या कुणाचा असल्यासारखा.

"मंजे मना पन लागला का तो?" त्याने विचारलं. आवाज अगदी लहान.

"छे हो! हा झाडांचा विषाणू. माणसाला काहीही करत नाही."

आणि काळुराम हसला. सुटलेल्या माणसाचं खदखदून हसू वर आलं, पोटातून, छातीतून, गळ्यातून, आणि तोंडाशी येऊन अडकलं. जबडा उघडेना. ओठ ताणले गेले, डोळे पाण्याने भरले, आणि हात आपोआप गालावर गेला. तंबाखू खाली सांडली.

करिश्मा वडलांकडे बघत राहिली. "बाबा?"

"गरम च्यानं तोंडात फोर आलाय. जाईल."

शकू आत गेली. सकाळचं दूध पातेल्यात होतं, तिने ते परातीत ओतलं आणि बाहेर आणून काळुरामसमोर ठेवलं. मुलीनेच मघाशी वाफ्यात फिरताना सांगितलं होतं, रोपांना हात लावण्याआधी हात दुधात बुडवून घ्यावेत, विषाणू दुधात निष्प्रभ होतो.

"बुडवा हात," ती म्हणाली.

त्याने बुडवले. दुधावर तपकिरी तवंग आला.

"आता तोंड उघरा."

"शकू..."

"पोरगी बोलली ते आयकलंत ना? वळखलं तर पान जातं. नाय वळखलं तर झार जातं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी किती दिस मिरच्या टोपलीत लपवू तुमच्या?"

तो ओट्यावर बसला. दुधाचे हात गुडघ्यांवर उपडे ठेवले, आणि लहान मूल औषधाला उघडतं तसं तोंड उघडलं. जेवढं उघडत होतं तेवढं. शकूची दोन बोटंही त्यात उभी मावली नसती. करिश्माने मोबाइलचा टॉर्च लावला. आत गाल पांढरा पडला होता, वाळलेल्या कातड्यासारखा. खाली, जिथे चिमूट बसायची नेमकी तिथे, एक लाल जखम होती. तिच्या कडा वर उचललेल्या होत्या.

 टॉर्च बंद करायचं बटण करिश्माला सापडेना.

"उद्याच डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. "मी सुट्टी टाकते."

त्या संध्याकाळी काळुरामने वाफा स्वतः उपटला. देखणी रोपं सगळी, शेवटची ओळ तेवढी राखून. कुणाला हात लावू दिला नाही. ढीग पेटवला, तो ओला होता म्हणून जळेना, नुसता धुमसत राहिला, आणि तिखट धूर टॉवरच्या खिडक्यांपर्यंत चढला. वरून कुणीतरी ओरडलं. काळुरामने वर पाहिलंसुद्धा नाही. मग परत हात दुधात बुडवून त्याने उकिरड्यावरची जगलेली रोपं उचलली आणि मोकळ्या वाफ्याच्या कडेने लावली. वेगळी अंतरं, वेगळ्या उंच्या. ओबडधोबड ओळ झाली.

सकाळी रिक्षा आली. करिश्मा आत बसून फोनवर शाळेत काहीतरी सांगत होती. काळुरामने पांढरा शर्ट घातला होता. वाफ्यापाशी तो थांबला, हात पाठीमागे बांधून. एका रोपाला अजून एक डागाचं पान चिकटून होतं. तो वाकला. हात लावला नाही. ओठांचा चंबू करून फुंकर घालायला गेला.

फुंकर धरली गेली नाही. ओठांच्या कडेने वारा निघून गेला. पान हललंही नाही.

"चला," शकू म्हणाली.

तो सरळ झाला, शर्ट खाली ओढला, आणि ताठ चालत रिक्षाकडे गेला. दाराला कडी घालायला शकू मागे वळली, तेव्हा पान खाली मातीत पडलेलं होतं. देठाची जागा कोरडी होती.

तिने कडी घातली. नवरा रिक्षात बसून तिच्याकडे बघत होता, तोंड मिटून.