नेटी दारातून निसटली

मर्लचा धाकटा भाऊ ऑर्लिन एकाहत्तराव्या वर्षी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला, त्याच्या पुढच्या जानेवारीतली ही गोष्ट. लग्नातला उरलेला केक अजून मर्लच्या बायकोच्या, लिओटाच्या फ्रीजरमध्ये होता, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, टेबलामागे, नेटी होती.

नेटी ही बीगल जातीची सहा वर्षांची कुत्री. पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती जन्मली आणि तिथल्याच तारेच्या पिंजऱ्यात वाढली. अशा पिंजऱ्याला खालीही तारच असते, म्हणजे घाण आपोआप पडते, धुवायला लागत नाही. त्या तारेवर तिची नऊ वेतं झाली. जमिनीला तिचा पाय कधी लागला नव्हता. तारेवर उभं राहून राहून पंजे फाकले होते. शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, ते शेड बंद केलं तेव्हा तिच्या पट्ट्यावर नाव नव्हतं, त्रेपन्न हा आकडा होता.

असली कुत्री काही महिने घरात ठेवायची, त्यांना माणसाची सवय लावायची आणि मग चांगल्या घरी द्यायची, हे काम लिओटा अकरा वर्षं करत होती. नेटीला घेऊन आली अशी कुत्री सोडवणाऱ्या संस्थेची जोलीन. तिने गाडीतून उतरायच्या आधीच सांगितलं, "डोळ्यांत बघायचं नाही. वरून हात न्यायचा नाही. आणि आतलं दार उघडं असताना पडवीचं दार उघडायचं नाही. दोन दारं एका वेळी कधीच नाहीत."

"मला शिकवतेस होय गं?" लिओटा म्हणाली.

"तुला नाही. मर्लला सांग. ही सुटली तर परत येणार नाही, लिओटा. परत यायचं म्हणजे कुठे, हेच तिला माहीत नाही."

पाच आठवडे झाले. लिओटा रोज तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसायची आणि बियाण्यांच्या कंपनीचं पुस्तक मोठ्याने वाचायची. घेवड्याचे प्रकार, भोपळ्याचे प्रकार. वाचता वाचता सॉसेजचा एखादा तुकडा मागे टाकायची. तुकडा उचलला जायचा, पण लिओटा उठून गेल्यावर. नेटीला चमचा पडल्याची भीती, फ्रीज घुरघुरल्याची भीती, खिडकीतून सरकणाऱ्या उन्हाचीही भीती. भीती नव्हती ती फक्त हँकची.

हँक हा घरचा म्हातारा लॅब्रेडोर, तेरा वर्षांचा, अर्धा बहिरा. आजवर चौदा घाबरट कुत्र्यांना त्याने घरात कसं राहायचं ते शिकवलं होतं, आणि शिकवलं म्हणजे काय, तर त्यांच्यादेखत निवांत झोपला होता. नेटी त्याच्या शेपटीला नाक लावून चालायची. तो थांबला की थांबायची.

सगळ्यात जास्त भीती मर्लची. त्याला कंपवाताचा आजार होता, हात सतत हलत. चालायला धातूची चौकट लागे आणि ती फरशीवर खडखडे. ती खडखड ऐकली की नेटी उभ्या जागी मुतायची.

"बेचाळीस वर्षं गुरं राखली मी," मर्ल म्हणायचा. "एकही जनावर मला बघून मुतलं नाही."

"तुला सांगायला आली नाहीत, एवढंच."

तेरा जानेवारी, मंगळवार. सकाळी लिओटा गाडीवरचा बर्फ खरवडत होती. मर्लच्या मनात आलं, पाखरांना दाणे घालावेत. त्याने आतलं दार उघडलं. पडवीच्या दाराची कडी नीट बसली नव्हती, आणि वाऱ्याने ते दार सताड उघडलं. तो घाईने पुढे झाला, चालायच्या चौकटीचा पाय उंबऱ्यात अडकला आणि चौकट धाडकन आडवी झाली. टेबलामागून एक तपकिरी रेघ निघाली ती मर्लच्या पायांजवळून, दोन्ही दारांतून, अंगणातून थेट कापलेल्या मक्याच्या शेतात. पाठीच्या पट्ट्याला घरात बांधून ठेवतात ती आठ हात दोरी मागे फरपटत होती.

लिओटाने दोरी जाताना पाहिली. थंडी उणे अठरा. पलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे हायवे. दोरी कुंपणात अडकली तर कुत्री तिथेच गोठणार. नाही अडकली, तर हायवे.

मर्ल दाराला धरून उभा होता. "मी डुएनला फोन केला," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं. मी केला फोन."

कुणाचं वासरू हरवलं, कुणाचं म्हातारं माणूस वाट चुकलं, की सगळ्यांनी हातातलं काम टाकून जायचं, अशीच रीत तिथे होती. अर्ध्या तासात नऊ पिकअप आल्या. चर्चमधल्या बायका गरम सूप घेऊन आल्या. माणसं रांग धरून शेतात उतरली आणि "नेटी, नेटी" म्हणून हाका मारू लागली. ते आपलं नाव आहे हे नेटीला कुठे ठाऊक होतं. उभ्या माणसांची रांग ओरडत आपल्यावर येते आहे, एवढंच तिला दिसत होतं. लिओटाने लांबून पाहिलं, ओढ्याकाठच्या झाडांतून नेटी निघाली आणि हायवेच्या बाजूला सरकली.

लिओटा धावत डुएनकडे गेली. डुएन शेजारच्या शेताचा मालक, मर्लचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र.

"सगळ्यांना घरी पाठव," ती म्हणाली.

"काय?"

"घरी पाठव. हाका बंद, गाड्या बंद. कुणी दिसायला नको."

"अगं, माणसं गोठ्यातली कामं टाकून आली आहेत."

"माहीत आहे. त्यांच्या भीतीने ती हायवेवर जाईल."

"म्हणजे आम्ही वाईट?" डुएनचा आवाज चढला. "आणि तू काय करणार? ती चालत येऊन दार वाजवेल म्हणतेस?"

"तसंच काहीसं."

डुएनने हातमोजे ओढून काढले, पुन्हा घातले. "बरं. पण संध्याकाळी रडत फोन करू नकोस."

गाड्या गेल्या. सूपचं पातेलं पायरीवर तसंच राहिलं. हात हलवून कुणीही निरोप घेतला नाही.

लिओटाने मर्लला सांगितलं, "दोन्ही दारं उघडी टाक. पडवीच्या दाराला वीट लाव. आणि तू तिला उभा दिसू नकोस." मग तिने घोंगडी घेतली, हँकला घेतलं आणि शेताच्या मध्यावर, मक्याच्या खुंटांत, ओढ्याकडे पाठ करून बसली.

बारा वाजले. दोन वाजले. बोटं दुखली, मग दुखायची थांबली, आणि तेव्हा ती जास्त घाबरली. घोंगडीचा मोठा भाग तिने हँकवर टाकला होता, तरी तो कापत होता. मधूनच खोकत होता. त्याला घरी न्यायला हवं हे तिला कळत होतं. पण हँकशिवाय नेटी येणार नव्हती. लिओटाने त्याच्या कानामागे हात घातला आणि म्हणाली, "अजून थोडं, बाबा." हे ती चार वेळा म्हणाली.

हायवेवर ट्रकने ब्रेक दाबला की ती कान लावायची. ट्रक पुढे जायचा. साडेचारला ऊन पिवळं पडलं आणि ओढ्यापलीकडे कोल्हे ओरडू लागले. एक, मग तीन-चार.

हँकचं नाक वर झालं. त्याने शेपटी एकदा बर्फावर आपटली.

लिओटा वळली नाही. मागे कडक बर्फावर काहीतरी खरखरत होतं. दोरी. खरखर थांबली, पुन्हा सुरू झाली. हात लांब केला असता तर कदाचित दोरीचं टोक मिळालंही असतं. पण चुकलं असतं, तर पुन्हा कधीच नाही. तिने हात काखेत दाबून धरले, आखडलेल्या गुडघ्यांवर उठली आणि हँकला घेऊन घराकडे चालू लागली.

चारशे पावलं असतील. "पिवळा घेवडा," ती म्हणू लागली, "काळा घेवडा, वेलाचा घेवडा." मागे खरखर. अंगणाच्या कुंपणाशी खरखर थांबली. लिओटा थांबली नाही. आता वळून बघितलं तर सगळं संपेल, आणि नाही बघितलं तर मागे कुणी आहे की नाही हेही कळणार नाही. "लाल भोपळा," ती म्हणाली. पायरीशी पोचली तेव्हा खरखर पुन्हा ऐकू आली.

स्वयंपाकघर बाहेरच्याइतकंच गार होतं. मर्ल दारामागे फरशीवर पालथा पडून राहिला होता, ओव्हरकोट, टोपी सगळं घालून. दाराच्या हँडलला गवताचे भारे बांधायची सुतळी होती आणि तिचं टोक त्याच्या मुठीत. मूठ हलत होती. सुतळी हलत होती. दार भिंतीवर टकटक वाजत होतं.

खरखर उंबऱ्याबाहेर थांबली.

मर्लने खालून लिओटाकडे पाहिलं. तिने चुलीकडे तोंड केलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मर्लने मूठ स्वतःच्या पोटाखाली घातली आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं. टकटक कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. हँक मर्लपाशी गेला, एक गिरकी घेऊन त्याच्या पाठीला टेकून बसला आणि खोकला.

नखं फरशीवर वाजली. चार, पाच. मर्लने सुतळी ओढली, दार धाडकन लागलं.

"आत आहे?" मर्लने विचारलं.

"आहे."

"मग मला उठव."

"इतक्यात नको. ती बघते आहे."

तो चाळीस मिनिटं तसाच पडून राहिला. नेटी त्याच्याजवळ गेली नाही. ती टेबलामागे गेली, भिंतीला अंग लावून थरथरत उभी राहिली, आणि लिओटाने हँकला पांघरूण घातलं तेव्हा तिथूनच त्याच्याकडे बघत राहिली.

हँकचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरने दोनदा सुई दिली. बावीस जानेवारीला, गुरुवारी सकाळी, हँक मेला.