पानाच्या डब्यातल्या गोळ्या

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. आज माझ्यात पाने, कात, चुना, सुपारी सगळे जागच्या जागी आहे. पण मित्रांनो, मधली काही वर्षे मी पानाचा डबा नव्हतो, आणि त्याचीच कहाणी मला सांगायची आहे.

पनवेलच्या एका तांबटाने मला घडवले. आपटा गावच्या सत्यवतीकाकींच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. हळद असो की साखरपुडा, पाहुण्यांपुढे सगळ्यांत आधी मी जात असे. लोक माझी नक्षी निरखत आणि मी फुशारून जाई.

पुढे काकींच्या मुलाच्या, भावेशच्या, किडन्या निकामी झाल्या. काकींनी आपली एक किडनी त्याला दिली. ती परकी समजून शरीराने झिडकारू नये म्हणून त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागत. या गोळ्या रोगाशी लढायची ताकदच कमी करतात. गावाला मात्र भावेशचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले असे सांगितले, कारण मुलाचे लग्न व्हायचे होते. गोळ्या कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून माझ्यातली पाने गेली आणि त्या आल्या.

उरणकडच्या रंजिताशी लग्न ठरले. साखरपुड्याच्या आधीपासूनच भावेशला ताप होता, डोके दुखत होते. काकी म्हणाल्या, दगदग झाली असेल. साखरपुड्यातच त्याला फिट आली. रंजिताचे वडील दयाराम यांनीच त्याला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेले.

मेंदूच्या फोटोत गोल डाग दिसले. डॉक्टर रुचिरा म्हणाल्या, असे डाग जंतांच्या अळ्यांमुळेही पडतात. पण माणसाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर वेगळाच परजीवी शोधावा लागतो. कोणती औषधे चालू आहेत? पोटावरचा व्रण कसला? दयाराम शेजारीच उभे होते. काकींचा हात पिशवीत माझ्या झाकणावर होता.

"अपेंडिक्सचा. औषध काय चालू नाय," काकी म्हणाल्या.

मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो. पोटची किडनी काढून देणाऱ्या बाईला एक खरे वाक्य देववले नाही, याची मला अजून चीड येते.

जंतांवरचे उपचार सुरू झाले. मेंदूची सूज उतरावी म्हणून दिलेल्या औषधाने उरलीसुरली ताकदही गेली. वर काकी माझ्यातल्या गोळ्या त्याला चोरून देतच होत्या. एका सकाळी त्याने आईलाच ओळखले नाही. तेव्हा काकींनी मला डॉक्टरांच्या टेबलावर उघडले. लगेच नव्या तपासण्या झाल्या. कच्च्या मांसातून किंवा मांजरीच्या विष्ठेतून येणारा तो परजीवी होता. धडधाकट माणसाच्या अंगात तो निमूट पडून राहतो, ताकद घटली की उठतो. त्याच्यावर औषध आहे. भावेशला ते मिळालेही, पण फार उशिरा.

"काकी, मी तुम्हाला रोज विचारत होते," डॉक्टर एवढेच म्हणाल्या.

भावेश गेला. तेराव्यानंतर दयाराम भेटायला आले. काकींनी मला चिंचेने घासून, पाने भरून त्यांच्यापुढे ठेवले. पान लावता लावता ते म्हणाले, "आमाला सांगायचं होतं. आमी काय पोर दिली नसती?"

खरे सांगू? नसतीच दिली. पण भावेश जगला असता.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा डबा असेल. डॉक्टर विचारतील तेव्हा तो त्यांच्यापुढे उघडा. मग शेजारी कोणीही उभे असो. आता मी दिवसभर ओटीवर सगळ्यांसमोर असतो. मला पिशवीत लपवायचे काकींना काही कारण उरलेले नाही.