गरुडाला परवानगी कोण देतं?

हावड्याच्या त्या बंद कारखान्याच्या आवारात रविवारी सकाळी हजारभर माना वर झाल्या. गगनबाबांचा ‘गरुड’ भुणभुणत आला, गर्दीवर दोन घिरट्या घातल्या आणि दोरीला बांधलेला तीर्थाचा कलश अलगद खाली सोडला. नेमका माझ्या हेमावहिनीच्या पुढ्यात.

“ना चालक, ना लगाम!” बाबा माइकवर गरजले. “माई, तुझ्या छातीतली गाठ गरुडाने ओळखली. आता सुरी नको, तीर्थ घे!”

जयजयकार झाला. वहिनी ओक्साबोक्शी रडत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मंगळवारी तिचं ऑपरेशन होतं.

“तारीख रद्द कर हं, सुहास,” परतताना टॅक्सीत ती म्हणाली. “मी बाबांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं, तरी कळलं त्यांना!”

“अगं, ड्रोन आहे ते! मी रोज तेच शिकवते ना?”

“असेल ड्रोन,” विनायकदादा पुढच्या सीटवरून म्हणाला. “पण ड्रोनला गाठ कशी कळते, सांग की.”

 मंगळवार ऑपरेशनविनाच गेला.

कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये मी ड्रोन चालवणारी पथकं तयार करते. माणूस आत बसत नाही म्हणून लोकांना वाटतं, माणूस नाहीच. छे! गर्दीवर उडवायचं तर आम्ही तिघं नेमतो. एक उडवतो, एक कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतो, तिसरा आकाशावरून नजर हटवत नाही. काही खाली सोडण्याआधी तिसरा म्हणतो, ‘खाली मोकळं.’ उडवणारा तेच शब्द परत उच्चारतो, मगच हात हलवतो. पुढच्या रविवारी मी घड्याळ धरून पाहिलं. कलश सोडण्याआधी गरुड दर वेळी तीन सेकंद थबकत होता. देवाचं वाहन आणि परवानगीची वाट बघतंय? कुणाच्या?

आकाश आणि गर्दी दोन्ही दिसतील अशी जागा एकच, कारखान्याची गच्ची. वहिनीचा हात धरला आणि शेडमागचा लोखंडी जिना चढून तिला वर नेलं. वर तिघं होते. आणि उडवणारा कोण, तर अजेय! माझाच विद्यार्थी.

“मॅडम, आजवर एकदाही अपघात नाही,” तो चक्क अभिमानाने म्हणाला. “सगळं तुम्ही शिकवलंत तस्संच करतो.”

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात त्याच्या वॉकीटॉकीवर नोंदणीच्या टेबलावरची बाई बोलली, “बाबा आणि गच्ची, ऐका. चौथी रांग, निळी साडी, गुडघे.” पडद्यावर निळी साडी मोठी झाली. कठड्यावरची मुलगी म्हणाली, “खाली मोकळं.” अजेयने ते परत म्हटलं, कलश उतरला आणि खाली बाबा ओरडले, “माई, तुझे गुडघे!”

“बघितलंस?” मी वहिनीला म्हटलं. “आत येताना टेबलावरच्या कागदावर आजार तूच लिहून दिलास. आपण सगळेच लिहितो आणि विसरतो.”

वहिनीने पडदा नीट पाहिला. मग अजेयला म्हणाली, “कागद तर शेकडो जणांनी भरले, बाळा. मग माझ्याचपुढे का उतरला?”

“काकू, तुम्ही कडेला खुर्चीवर होतात,” अजेय म्हणाला. “आजूबाजूला जागा मोकळी होती. दोरी कुणाला लागली नसती.”

वहिनीने मला हळूच बाजूला सारलं. “त्या जागेवर मला कुणी बसवलं, ते याला काय माहीत?” एवढं बोलून ती जिना उतरली, तीर्थाच्या रांगेत उभी राहिली.

गच्चीवरचं हे सगळं मी मोबाइलमध्ये टिपलं होतं; ते चित्रण शंभर जणांना दाखवलं. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी मोबाइल परत देऊन आकाशाकडे हात जोडले. त्यानंतरच्या रविवारी गर्दी वाढलीच होती.

चार महिन्यांनी वहिनीला श्वास पुरेना, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. गाठ फुफ्फुसांपर्यंत पसरली होती, ऑपरेशनचा आता उपयोग नव्हता. “दिलेल्या तारखेला का आला नाहीत?” त्यांनी विचारलं. दादा रडू लागला. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, “सुहास, तू मला त्या दिवशी ओढत का नाही नेलंस गं?”

तिला मी ओढत नेलं नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कोण चालवतंय आणि माझी माहिती त्याला कुणी दिली? विचारायचा धीर नसेल तर नसू दे. पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.